आज काय जेवलीस, ते विचारा

मागच्या अंकात मी सॉल्ट लेक सिटीत मिशनरी म्हणून काढलेल्या अठरा महिन्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: मी घोरपडीत वाढले. आजी अहमदनगरची, मराठी मिशनच्या चर्चमधली. रेव्हरंड टिळकांची भजनं तिला पाठ होती. मी कॉलेजात असताना आई आणि मी द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्समध्ये आलो, ज्यांना लोक मॉर्मन म्हणून ओळखतात. सप्टेंबर 2017 ते मार्च 2019 या काळात मी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या टेंपल स्क्वेअरवर, म्हणजे आमच्या चर्चच्या मोठ्या मंदिराच्या (टेंपलच्या) आवारात, सेवा केली. आता कॅम्पातल्या एका शाळेत पाचवी-सहावीला शिकवते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी वीस वर्षांची आहे. मिशनसाठी तिला लंडनची नेमणूक आली आहे. दीड वर्ष ती घरी येणार नाही. तिचे बाबा वरवर काही बोलत नाहीत, पण रात्री उठून बसतात. ती तिथे दिवसभर नेमकं काय करेल? आठवड्यातून एकदा फोन येईल म्हणतात, तेव्हा तिच्याशी काय बोलू? मला रडू आलं तर तिला त्रास होईल का? — एक आई, वानवडी

काकू, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हिला आधी घरी चहाला बोलाव." मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे चहा होत नाही (आमच्या चर्चमध्ये तो वर्ज्य), आणि म्हणाली, "बरं, सरबताला." तेव्हा या एकदा. तोवर हे उत्तर.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता. त्यानंतर अभ्यास, थोडा एकटीनं आणि थोडा जोडीनं. मिशनरी कधी एकटी नसते. जी कंपॅनियन नेमून दिलेली असते तिच्यासोबत चोवीस तास, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. दुकानात जायचं तर दोघींनी, डॉक्टरकडे जायचं तर दोघींनी. रात्री साडेदहाला दिवे बंद. तुमची मुलगी परक्या शहरात एकटी फिरत असेल हे चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तर ते आजच काढून टाका.

माझ्या सेवेची जागा थोडी वेगळी होती. टेंपल स्क्वेअरवर तेव्हा सगळ्या मुलीच नेमायचे, आणि त्याही जगभरातून. काळ्या बिल्ल्यावर पांढऱ्या अक्षरात आडनाव, आणि सोबत आपापल्या देशाचा झेंडा. माझ्याकडे तिरंगा. पाहुणे झेंडा बघून आपल्या देशाची मुलगी शोधत यायचे. आम्ही त्यांना आवार दाखवायचो, टॅबरनॅकल नावाच्या जुन्या सभागृहात न्यायचो, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचो. उरलेल्या वेळात फोनवर आणि चॅटवर लोकांशी बोलायचो. मधले काही महिने मला दुसऱ्या राज्यात पाठवलं होतं, तिथे दारोदार जायचं काम होतं. तुमच्या मुलीचं लंडनमधलं काम बरंचसं तसं असेल: रस्त्यावर बोलणं, घरी जाऊन शिकवणं, कुणाच्या बागेतलं गवत काढून देणं, कुणाचं सामान उचलून दुसऱ्या घरी नेणं. एका दिवशी आम्ही चाळीस दारं वाजवली आणि दोन उघडली. त्यातल्या एका बाईंनी आम्हाला फक्त पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. त्या पाण्याची मला अजून आठवण आहे.

आता फोनचं. माझ्या वेळी वर्षातून दोनच फोन असायचे, एक नाताळला आणि एक मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल. माझा पहिला फोन डिसेंबर 2017 चा. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते; मी सकाळी आठला केला तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजले होते. आईनं कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे प्रश्न लिहून ठेवले होते, कागद वाजल्याचा आवाज मला येत होता. पण कागदावरचं काही न विचारता ती म्हणाली, "आज काय जेवलीस?" मी म्हणाले, "अजून नाश्ताच नाही झाला, काल भात केला होता, चिकट झाला." आणि तो भात सांगता सांगता मला असं रडू फुटलं की पुढची पाच मिनिटं दोन्हीकडून नुसतं नाक ओढणं चाललं होतं. त्यानंतर मला तीन महिने पुरेल एवढं हलकं वाटलं.

म्हणून सांगते, तिला काय जेवलीस ते विचारा. झोप लागते का विचारा. बूट चावतात का, कंपॅनियन कुठली आहे, तिच्या आईचं नाव काय, हे विचारा. किती जणांना शिकवलंस, किती जण चर्चला आले, हे मात्र कधीही विचारू नका. तो आकडा तिच्या मनात आधीच रात्रंदिवस चालू असतो. घरून तोच प्रश्न आला की आपण नापास झालो असं वाटायला लागतं, आणि मग मुली फोनवर खोटं हसायला शिकतात. मी दोन आठवडे ईमेलमध्ये सगळं छान छान लिहीत होते. आईला ते कसं कळलं कोण जाणे. तिनं उलट लिहिलं, "छान पुरे, खरं लिही."

रडू आलं तर रडा, काकू. आईच्या रडण्याचा मला त्रास झाला नाही. ती आवंढा गिळून हवापाण्याचं बोलायला लागायची, तेव्हा व्हायचा.

15 फेब्रुवारी 2019 ला नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी फोन करायची परवानगी मिळाली. माझा परतीचा महिना जवळ आला होता, तरी त्या शेवटच्या चार-पाच फोनांची मजा मला आधीच्या दीड वर्षापेक्षा जास्त आठवते. तुमच्या मुलीला हे पहिल्या आठवड्यापासून मिळणार आहे. लंडनची वेळ आपल्यापासून हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे तुम्हाला जागरणही नाही.

आणि तिच्या बाबांबद्दल. माझे बाबा आमच्या चर्चचे सभासद नाहीत, आजही नाहीत. मी निघाले त्या रात्री मुंबईच्या विमानतळावर त्यांनी फक्त बॅगेचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. पण नंतर त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. रोज सकाळी पेपर उघडायच्या आधी फोनवर सॉल्ट लेकचं तापमान बघायचे आणि आईला सांगायचे, "आज उणे सहा." गल्लीत कुणी माझी चौकशी केली तर हेच सांगायचे. आई म्हणते, त्या आकड्यावर त्यांचे अठरा महिने गेले. तुमच्या घरी लंडनचा पाऊस त्यांच्याकडे सोपवून बघा.

बॅगेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जाड कोट आणि बूट इथून घेऊ नका. पुण्यातल्या दुकानातला जाड कोट तिथल्या थंडीपुढे शालीसारखा. मी सगळं तिथे डेझरेट इंडस्ट्रीज नावाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलं, लंडनमध्येही जुन्या कपड्यांची दुकानं पुष्कळ आहेत. माझा पहिला हिवाळा स्कर्ट आणि आत जाड मोजे असा गेला. मुलींना पँट घालायची मुभा डिसेंबर 2018 मध्ये आली. तुमच्या मुलीला ती अडचण नाही. खोबरेल तेल मात्र द्या. थंडीत बाटलीत दगडासारखं होतं, हीटरजवळ ठेवलं की सुटतं. त्याचा वास घरात दरवळला की अर्धं पुणं जवळ येतं.

प्रश्न : आपलं लेखन प्रांजळ आहे. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ करायला सातासमुद्रापार जाणं आपल्या मनाला पटतं का? आणि या सगळ्याचा खर्च कोण करतं? — एक निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ

सर, हाच प्रश्न मला टेंपल स्क्वेअरवर एका आजोबांनी विचारला होता, तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. जुलै 2018 ची दुपार, ऊन पुण्याच्या एप्रिलसारखं. आजी-आजोबा मुलाकडे आले होते, मुलगा आणि सून सोबत. आजोबांनी बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं, झेंडा बघितला आणि थेट मराठीत म्हणाले, "आपल्याकडची मुलगी इथे येऊन हे काय करते आहेस?" नऊ-दहा महिन्यांनी समोरासमोर कुणी मराठीत बोललं, तेही रागावून. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणाले, "आजोबा, आत या, सावली आहे."

टॅबरनॅकल 1867 चं, म्हणजे आपल्या ससूनच्या जुन्या इमारतीच्या वेळचं. अडीचशे फूट लांब, दीडशे फूट रुंद, आणि मधे छताला एकही खांब नाही. लाकडी कमानींचा घुमट उभारताना जोड लाकडी खुंट्यांनी मारलेले, आणि लाकूड चिरलं तिथे कच्च्या चामड्याची वादी ओली करून आवळलेली. वाळली की ती घट्ट बसते. आमची पद्धत अशी की पाहुण्यांना मागच्या टोकाला बसवायचं, एकीनं त्यांच्यापाशी थांबायचं आणि दुसरीनं समोरच्या व्यासपीठावर जायचं. तेव्हा माझी कंपॅनियन तैवानची होती, ती मागे थांबली. मी पुढे जाऊन वर्तमानपत्र फाडलं, मग टाचणी टाकली. एकशेसत्तर फुटांवर आजोबांनी हात वर केला आणि तिथूनच म्हणाले, "पुन्हा टाका." मी पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना उत्तर दिलं, तेच तुम्हाला देते. मला जे सापडलं त्यानं माझं आयुष्य सावरलं असं मी मनापासून मानते, म्हणून ते सांगावंसं वाटतं. ऐकायचं की नाही ही समोरच्याची मर्जी. कुणी "नको" म्हटलं की तिथे थांबायचं; "नको"च्या पुढे एक शब्दही ओढला तर तो अपमान आहे, असं मला वाटतं. पैशाचं, नोकरीचं, शाळेच्या प्रवेशाचं आमिष दाखवून कुणी श्रद्धा बदलायला लावत असेल तर त्याला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. आजोबा म्हणाले, "मला पटलं नाही. पण उन्हात उभी राहू नकोस." आजींनी त्याहून महत्त्वाचं विचारलं, "जेवतेस कुठे?" दुसऱ्या दिवशी त्यांची सून ऑफिसला जाता जाता गेटपाशी डबा देऊन गेली. थालीपीठं आणि वर लोण्याचा गोळा, उन्हानं निम्मा वितळलेला. तैवानच्या मुलीनं तीन खाल्ली.

एक गोष्ट तुम्हाला इतिहास म्हणून आवडेल. 1852 मध्ये आमच्याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. लष्कराच्या हद्दीत त्याला प्रचार करू देईनात. मोजकी माणसं जमली, आणि त्याच दशकात ते सगळं काम थांबलं. मी कॅम्पातून शाळेत जाताना कधी कधी त्याचा विचार करते. त्याला तर आईचा ईमेलही नव्हता.

खर्चाचं सरळ आहे. पगार नसतो. मी आधी खराडीत दोन वर्षं नोकरी करून पैसे साठवले. घरून दरमहा ठरलेली रक्कम जायची, आमच्या ऐपतीप्रमाणे. बाकीचा भार सभासदांच्या देणग्यांमधून जमणाऱ्या मिशनरी निधीवर. तिथे किराण्यासाठी एका कार्डावर महिन्याची रक्कम यायची आणि ती पुरवायला लागायची. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चौघी मिळून मसूर खायचो.

प्रश्न : ताई, मी पुढच्या महिन्यात जर्मनीला एमएससाठी जाते आहे. रूममेट अनोळखी असणार. इथे हॉस्टेलवर माझं कुणाशी पटलं नाही तर मी बोलणंच बंद करते. तुम्ही अनोळखी मुलीसोबत चोवीस तास कशा राहिलात? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

अगं, बोलणं बंद करणं ही माझीही सवय. आमच्या घरात भांडण म्हणजे भांड्यांचा आवाज आणि मग अबोला. तो हत्यारासारखा वापरायचा हे मी लहानपणीच शिकले होते.

माझी पहिली कंपॅनियन टोंगाची. पॅसिफिक महासागरातला छोटा देश. ती माझ्याहून सहा महिने आधी आलेली, मला शिकवायची जबाबदारी तिच्यावर. बर्फाचा हिवाळा मात्र दोघींचाही पहिला. सकाळी साडेसहाला ती पांघरुणातून बाहेर यायच्या आधी गायला लागायची, आणि तिचा आवाज असा भरदार की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी उठल्यावर पहिला तासभर न बोलणारी.

आईनं लिंबाचं लोणचं दिलं होतं, अर्धा किलोची बरणी. मी ते रोज अर्धी फोड असं पुरवून खात होते. फोड संपली की बोट चाटून झाकण लावायचं, बरणी कपाटात मागे ठेवायची. हिशोब केला होता, मार्चपर्यंत जाईल. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी आमच्या शेजारच्या चार मुली जेवायला आल्या, आणि हिनं कपाटातून बरणी काढून टेबलावर ठेवली. मी भात वाढून वळते तोवर बरणीत तळाशी फक्त खार उरला होता. ब्राझीलची एक मुलगी बोट घालून तेही चाटत होती आणि म्हणत होती, "सिस्टर, हे काय अप्रतिम आहे!"

मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. म्हणजे कामापुरतं बोलले. पाहुण्यांसमोर हसायचं, त्यांना आवार दाखवायचं आणि मागे वळलं की गप्प. विचार कर, जिच्या नजरेआड जाता येत नाही तिच्याशी अबोला. संध्याकाळी घरी चालत जाताना दोघींच्या बुटांचा बर्फावर करकर आवाज, बाकी काही नाही.

मिशनरी जोडीनं आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकींशी खरं बोलायचं असतं, काय बरं चाललं आहे आणि काय खुपतं आहे. तशी पद्धतच आहे. त्या आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. ती म्हणाली, "तू बोलत नाहीस तेव्हा मला वाटतं, मी या खोलीत मेलेली आहे आणि तुला ते दिसत नाही." मला लोणच्याचं सांगायची लाज वाटायला लागली, पण सांगितलं. आई, बरणी, अर्धी फोड, मार्च. तिला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आमच्या घरात जे पाहुण्यांपासून लपवलं ते चोरलं असं मानतात. मी तुझ्या आईचा मान करत होते." आणि तीही रडायला लागली.

त्यानंतर सगळं छान झालं असं नाही. ती गातच राहिली. पण आम्ही ठरवलं की पहिला अर्धा तास ती गुणगुणेल, आणि मला राग आला तर त्याच दिवशी, झोपायच्या आत, मी एक वाक्य तरी बोलेन. कितीही वाकडं असलं तरी चालेल. काही रात्री मी दहा पंचविसाला, दिवे जायला पाच मिनिटं असताना, तोंड उघडलं आहे.

जर्मनीत तुला असं कुणी टेबलापाशी बसवणार नाही. तू स्वतः बसव. पहिल्याच आठवड्यात रूममेटला सांगून टाक की मी चिडले की गप्प होते, तेव्हा मला विचार. हे आधी सांगितलं की अबोल्याची धार जाते. आणि लोणच्याच्या बरण्या दोन ने.

प्रश्न : अठरा महिने चहा नाही? आणि एवढ्या मोठ्या शहरात पत्ता कसा सापडायचा? — एक वाचक, नाना पेठ

चहा-कॉफी आमच्याकडे वर्ज्य आहे, 1833 पासूनची शिकवण, त्यामुळे माझा चहा जाण्याआधीच सुटला होता. दुपारी चारला मात्र हात आपोआप गॅसकडे जायचा. मग हळदीचं दूध. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, दोन वेळचं काही खायचं नाही, आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंना द्यायचे. साबुदाणा नाही की रताळं नाही. तैवानची मुलगी तेव्हा मला म्हणायची, तुमच्या उपासाचे पदार्थ सांग ना, आणि मी साबुदाण्याच्या खिचडीचं वर्णन करायचे. रविवारी दुपारी, रिकाम्या पोटी, आम्ही दोघी!

पत्त्याचं म्हणाल तर त्या शहरासारखं सोपं शहर मी पाहिलं नाही. टेंपल स्क्वेअरच्या कोपऱ्यापासून सगळे रस्ते मोजलेले. 300 साऊथ, 500 ईस्ट म्हटलं की तिथून तीन चौक दक्षिणेला आणि पाच चौक पूर्वेला, संपलं. पूर्वेला वॉसॅचचे डोंगर नेहमी दिसतात, त्यामुळे दिशाही चुकत नाही. "मारुतीच्या देवळावरून आत, पिठाच्या गिरणीच्या समोर" असं काही नाही. पण चौक फार लांबलचक, एकेक ब्लॉक 660 फुटांचा, आणि रस्ते 132 फूट रुंद. ते ओलांडायला काही ठिकाणी खांबाला नारंगी झेंडे लावून ठेवलेले असतात. एक झेंडा हातात घ्यायचा, गाड्यांना दिसेल असा धरून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या खांबाला लावून द्यायचा. पहिल्या दिवशी मी तो तसाच धरून घरापर्यंत नेला. कंपॅनियननं मला परत न्यायला लावला, दोन ब्लॉक, थंडीत.

मराठी बोलायला मिळायचं नाही, ही खरी भूक. भांडी घासताना मी आजीची भजनं म्हणायचे. नंतर कळलं की तिथून दक्षिणेला साऊथ जॉर्डनमध्ये गणपतीचं देऊळ आहे आणि तिथे मराठी मंडळी जमतात. डबा देणाऱ्या त्या सुनेनंच सांगितलं. भाद्रपदात तिनं मोदकही पाठवले.

प्रश्न : त्या मुलींशी अजून बोलणं होतं का? — एक वाचक, पिंपरी

होतं. मार्च 2020 मध्ये सॉल्ट लेकला 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला आणि टेंपलच्या टोकावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी पडली. त्याचा फोटो मला पहिल्यांदा तैवानहून आला, बातम्यांच्या आधी.

टोंगाची मुलगी लग्न करून आपल्या गावी, राजधानीजवळ राहते. दर रविवारी तिचा गाण्याचा एक छोटा आवाज-संदेश यायचा. 15 जानेवारी 2022 ला तिथे समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्सुनामी आली आणि समुद्राखालची इंटरनेटची केबल तुटली. त्या दिवसापासून तिच्या नावापुढे एकच टिक. मी रोज एक ओळ पाठवत होते: जेवलीस का, बाळ बरं आहे का, आज पुण्यात थंडी आहे. एक टिक, एक टिक. बाबांनी स्वतःहून टोंगाचं हवामान बघायला सुरुवात केली होती. पाच आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी केबल जोडली गेली. मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत फोन बघितला तर सगळ्या ओळींपुढे दोन-दोन टिका, आणि खाली तिचा मजकूर. घर उभं आहे, राख अजून झाडतो आहोत, सगळे जिवंत आहेत. आणि शेवटी: "सिस्टर, आमच्या अंगणातल्या झाडाला लिंबं आली आहेत. तुझ्या आईला विचार, मीठ किती घालायचं?"